सापुताऱ्याच्या उतारावरची थंडी
सुरतहून डांगमधील सापुताऱ्याला सायकलने जाणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीत थंडी खरी बोचते ती घाट चढताना नव्हे, तर उतरताना. दर 1000 मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरी 6.5 अंशांनी घटते आणि सापुतारा जवळपास तितक्याच उंचीवर आहे; तरीही निर्णायक ठरतो तो वेग. शरीराने त्वचेलगत तापवलेला हवेचा पातळ थर वारा सतत उडवून नेतो, म्हणून 5 अंश तापमानातही ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला शून्याखालचा गारठा जाणवतो. यालाच वातशीत परिणाम म्हणतात. त्यात चढणीवर घामाने भिजलेले कपडे वाळताना अंगातलीच उष्णता ओढून घेतात, ब्रेकवरची बोटे बधिर होतात आणि नेमक्या वळणावर पकड सैल पडते, हा धोका थंडीपेक्षाही मोठा. माथ्यावरच कोरडा सदरा, वारा अडवणारे जाकीट व पूर्ण बोटांचे हातमोजे घालून मगच उताराला लागावे.