मुग डोंगरावरचे दप्तर

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मध्य आशिया येतो तो केवळ वाट म्हणून. शक तेथून आले, कुशाण तेथून आले, पुढे बाबरही तेथूनच आला. त्या वाटेवर राहणारी माणसे स्वतः काय करीत होती, हा प्रश्न परीक्षेत कुणी विचारीत नाही. म्हणून पंजिकेंत या चिमुकल्या राज्याची हकीकत येथे सांगावीशी वाटते.

आजच्या ताजिकिस्तानात, समरकंदच्या पूर्वेला सुमारे ६० किलोमीटरवर, झरफशान नदीकाठी ही नगरी होती. तटाच्या आतली जागा जेमतेम ३५ एकर. वस्ती सोग्द लोकांची. हे लोक व्यापारात मुरलेले, पार चीनपर्यंत त्यांच्या वसाहती. आठव्या शतकाच्या आरंभी येथे दिवाश्तिच नावाचा राजा होता. त्याचा उल्लेख तबरीच्या अरबी इतिहासात काही ओळींपुरता येतो, आणि तेथेही त्याचे नाव 'दिवाश्नी' असे वाचले जाई.

१९३२ साली मुग नावाच्या डोंगरावरील पडक्या गढीत एका मेंढपाळाला एक टोपली सापडली. आत अनोळखी लिपीतला कागद! पुढच्या वर्षी फ्रेइमान या सोव्हिएत पंडिताने तेथे उत्खनन केले. कागद, चामडे आणि लाकडी काठ्या यांवर लिहिलेले ऐंशीच्या आसपास लेख मिळाले. बहुतेक सोग्दी भाषेतले, एक पत्र मात्र अरबीत. ते क्राच्कोव्स्की यांनी वाचले आणि तबरीचाच राजा त्यातून उभा राहिला. नाव दिवाश्ती! अरबीत 'न'ला एक नुक्ता आणि 'त'ला दोन. सारा घोटाळा तेवढ्याचाच.

हे पत्र राजाने खुरासानचा अरब सुभेदार अल-जर्राह याला लिहिले आहे. जर्राह ७१७ ते ७१९ या काळात सुभेदार होता. समरकंदचा राजा तरखून ७१० मध्ये पदच्युत झाला होता. त्याचे दोन मुलगे दिवाश्तिचच्या आश्रयाला होते. स्वतःला सुभेदाराचा आश्रित म्हणवून तो विनवितो की, सुलेमान या सरदाराला सांगून मुलांना आपल्याकडे बोलावून घ्यावे. भाषा नम्र, पण पुढे थोड्याच काळात हाच मनुष्य 'सोग्दचा राजा, समरकंदचा स्वामी' अशी पदवी लावू लागला. समरकंदात त्या वेळी गुरक नावाचा दुसराच राजा बसलेला होता! पंजिकेंतच्या मानाने ही उडी फारच मोठी, असे माझे मत.

संग्रहातले एक पत्र त्याच्या दूताचे आहे. तो उत्तरेकडे मदत मागायला गेला होता. उस्रुशनाचा मुलूख हातचा गेला, मी एकटा आहे, पुढे जाण्याची छाती होत नाही, असे तो कळवितो. ७२२ साली अरबांविरुद्धचे बंड फसले आणि राजा मुगच्या गढीत शिरला. वेढा घालणाऱ्या फौजेचा प्रमुख कोण, तर पत्रातला तोच सुलेमान. दिवाश्तिच अभयाच्या वचनावर शरण आला. सुभेदार अल-हरशीने वचन मोडून त्याला ठार केले. प्रेत टांगले, मुंडके इराकला धाडले. पंजिकेंत जळाले.

गढीत उरले ते दप्तर. त्यात राजकारण थोडे आणि संसार फार. तीन गिरण्या वर्षाला ४६० मापे पिठाच्या बोलीवर दिल्याचा करार आहे. सर्वांत नवल वाटते ते ७१० सालच्या एका विवाहपत्राचे. वर उत्तेगिन, वधू चात. अन्न, वस्त्र, दागिने आणि मान देऊन तिला सांभाळीन, तिच्या संमतीवाचून दुसरी बायको केली तर ३० दिरहम दंड भरीन, असे वर लिहून देतो. वधूलाही नवरा सोडून जाण्याची मोकळीक आहे. हे चामडे वेढा पडलेल्या गढीत कुणी आणि का नेले असेल? जीव वाचवायला पळताना माणूस असली कागदपत्रेच आधी उचलतो, एवढेच मला सुचते.

साधारण ७४०च्या सुमारास नगरी पुन्हा वसली. घरांच्या भिंतींवर रुस्तुमची युद्धे रंगविली गेली, आणि त्याच भिंतींवर आपल्या पंचतंत्रातला सिंह आणि विहिरीकाठचा ससाही आला. पण ७७०नंतर लोक नगरी सोडून गेले. उत्खनन १९४६-४७ पासून सुरू झाले. त्यात अर्धे आयुष्य घालविलेले बोरिस मार्शाक २००६ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना पंजिकेंतच्या मातीतच पुरले.