ग्राहकाचा नंबर तुमच्याकडे आहे, पण तो तुमचा नाही



आज एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या मोबाइलमध्ये किती ग्राहकांचे नंबर आहेत? दोनशे? पाचशे? आता दुसरा प्रश्न. त्यातल्या किती जणांनी तुम्हाला सांगितलं होतं की, "दर शनिवारी मला ऑफर पाठवा"?

इथे बहुतेक जण गप्प होतात.

पाळत, प्रायव्हसी, डेटा हे शब्द ऐकले की आपल्याला वाटतं, हा विषय सरकारचा, मोठ्या कंपन्यांचा. आपलं काय, एक छोटं दुकान, एक पार्लर, एक डब्याचा व्यवसाय. पण विचार करा. तुमच्याकडे लोकांचे नंबर आहेत, पत्ते आहेत, उधारी आहे, ब्लाउजची मापं आहेत, कॅमेऱ्यात चेहरे आहेत, कामावरच्या मुलींच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स आहेत. म्हणजे दुसऱ्याची माहिती सांभाळणारे तुम्हीही आहात. मोठ्यांनी यात काय केलं आणि त्यांना काय भोगावं लागलं, ते आधी बघू. मग आपल्या गल्ल्यावर येऊ.

सुट्टी कशी झाली? (आणि मग ते लिहून ठेवलं)

एच अँड एम हा कपड्यांचा मोठा ब्रँड. जर्मनीत न्युरेंबर्ग शहरात त्यांचं एक सेवा केंद्र होतं. तिथे कर्मचारी सुट्टीवरून किंवा आजारपणातून परत आला की वरिष्ठ त्याला बोलावून गप्पा मारायचे. कुठे गेला होतास, काय झालं होतं, आता बरं आहे ना. ऐकायला किती छान वाटतं! पण या गप्पा नंतर टिपून ठेवल्या जायच्या. कोणाला कोणता आजार, कोणाच्या घरी काय भांडण, कोणाचा धर्म काय. २०१४ पासून हे चालू होतं आणि जवळपास ५० मॅनेजरांना यातलं काही ना काही वाचता येत होतं. कर्मचाऱ्याचं मूल्यमापन करतानाही ही माहिती वापरली जायची.

ऑक्टोबर २०१९ मध्ये संगणकाच्या सेटिंगमध्ये चूक झाली आणि काही तास ही सगळी माहिती अख्ख्या कंपनीला दिसली. तेव्हा हे बाहेर आलं. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅम्बर्गच्या डेटा संरक्षण आयुक्तांनी कंपनीला साडेतीन कोटी युरोंहून जास्त दंड केला. कंपनीने माफी मागितली आणि कर्मचाऱ्यांना भरपाई द्यायचं ठरवलं.

लक्षात घ्या, इथे कोणी हॅकर आला नव्हता. चोरी झाली नव्हती. नको असलेली माहिती गोळा केली आणि जपून ठेवली, एवढंच. जी माहिती लिहिलीच नसती, ती फुटलीही नसती.

चोर समजून अकरा वर्षांच्या मुलीची झडती

दुसरी गोष्ट अमेरिकेची. राइट एड ही औषध दुकानांची साखळी होती. २०१२ ते २०२० या काळात त्यांच्या शेकडो दुकानांत चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवले होते. हेतू वाईट नव्हता, दुकानातल्या चोऱ्या थांबवायच्या होत्या. संशयितांचे फोटो यंत्रात भरायचे, आणि तसा चेहरा दारात आला की कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर इशारा.

पण भरलेले फोटो कसे होते? काही सीसीटीव्हीतले धूसर, काही मोबाइलवर काढलेले. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने म्हटलं की यंत्राने हजारो वेळा चुकीच्या माणसांकडे बोट दाखवलं. निर्दोष गिऱ्हाइकांच्या मागे कर्मचारी फिरले, त्यांना चारचौघांत चोर ठरवलं गेलं. एका अकरा वर्षांच्या मुलीला थांबवून तिची झडती घेतली गेली. दुकानात असे कॅमेरे आहेत हेही ग्राहकांना सांगितलेलं नव्हतं. कंपनीला हे आरोप मान्य नव्हते. तरी डिसेंबर २०२३ च्या तडजोडीत पाच वर्षं चेहरा ओळखणारं तंत्र वापरायचं नाही, ही अट तिला स्वीकारावी लागली.

"आपल्याकडे कुठे असले कॅमेरे?" असं म्हणू नका. बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीतला फोटो फिरतो, "या बाईपासून सावध राहा." तुम्हीही पाहिला असेल. ती बाई खरंच चोर होती का? कोणी तपासलं? पैसे द्यायचे राहिले आणि ती परत येऊन देऊन गेली, असंही होतं. पण फोटो तोवर पन्नास दुकानांत पोहोचलेला असतो. चोरीचा संशय असेल तर फुटेज घेऊन पोलीस ठाण्यात जा. ग्रुपवर टाकू नका. खोटं ठरलं तर बदनामीचा दावा तुमच्यावर येतो, आणि त्या बाईचं गावात तोंड दाखवणं अवघड होतं ते वेगळंच.

आपला कायदा काय म्हणतो?

के. एस. पुट्टास्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की, खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, योग्य कारण हवं, आणि गरजेपेक्षा जास्त ढवळाढवळ नको.

मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्याआधी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. लहान व्यवसायांना सरसकट सूट नाही. सरकार काहींना काही तरतुदींतून सूट देऊ शकतं, पण त्या भरवशावर बसू नका.

आपल्या कामाचे मुद्दे एवढेच:

- माहिती कशासाठी घेताय ते साध्या भाषेत सांगायचं. ग्राहकाला ही सूचना मराठीतही मागता येते.
- ज्या कामासाठी घेतली, त्याच कामासाठी वापरायची.
- ग्राहक "आता नको" म्हणाला तर थांबायचं. हो म्हणणं जितकं सोपं, नाही म्हणणंही तितकंच सोपं हवं.
- १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती हवी. क्लासेसवाल्यांनो, हे तुमच्यासाठी.
- माहिती सुरक्षित ठेवायची. यात हलगर्जी झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. घाबरू नका, ती कमाल आहे. चूक किती गंभीर ते बघून दंड ठरतो. पण विषय गंभीर आहे हे यावरून कळतं.

कायद्यातच एक छान उदाहरण आहे. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर देते. दुकानदाराने त्या नंबरवर पावती पाठवायची. नंबर पावतीसाठी दिलाय! दिवाळी ऑफरसाठी वेगळं विचारायला हवं.

कागदावरच्या वहीला हा कायदा लागत नाही. पण तीच वही तुम्ही एक्सेलमध्ये भरली की लागतो. आणि बिल करताना नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय.

आता आपल्या गल्ल्यावर या

पहिलं, काउंटरवरचं वाक्य बदला. "नंबर सांगा" असं नको. असं म्हणा, "ताई, बिल मोबाइलवर हवं असेल तर नंबर द्या, नाहीतर कागदी देतो." बिल झाल्यावर दुसरा प्रश्न, "नवीन माल आला की कळवू का?" हो म्हणाल्या तर नावापुढे खूण करा आणि तारीख लिहा. झालं, ही तुमची संमती.

दुसरं, ग्राहकांना न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. तुमच्या पार्लरला येणाऱ्या मुलीचा नंबर कोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. त्यात कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. हो, तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. पण तेच तर तुमचे खरे ग्राहक!

तिसरं, फोटो. शिवलेला ब्लाउज, केलेला मेकअप स्टेटसला ठेवायचा मोह होतो. आधी विचारा. चेहरा न दाखवताही काम दिसतं.

चौथं, ओळखपत्र. होमस्टे चालवणाऱ्यांनो, पाहुण्यांची नोंद तुम्हाला ठेवावी लागते, मान्य. पण आधारच द्यायला हवं असं नाही, दुसरं ओळखपत्रही चालतं. आधार दिलं तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार मागा. आणि त्या झेरॉक्स रद्दीत घालू नका, फाडून टाका.

पाचवं, कॅमेरा. दरवाजा, गल्ला, माल एवढ्यावरच रोखा. "येथे सीसीटीव्ही सुरू आहे" अशी पाटी लावा. शेजाऱ्याच्या दाराकडे नको. कपडे बदलायच्या खोलीजवळ तर अजिबात नको, तो सरळ गुन्हा आहे.

सहावं, कामगार. रजा किती दिवसांची ते लिहा. घरात काय चाललंय ते वहीत कशाला? आणि ग्राहकांचे नंबर दुकानाच्या वेगळ्या सिममध्ये ठेवा, कामगाराच्या खासगी मोबाइलमध्ये नको. तो नोकरी सोडून गेला की अख्खी यादी त्याच्याबरोबर जाते.

"सर, मग मार्केटिंग कसं करायचं?"

हा प्रश्न येणारच. विचारून नंबर घेतले तर यादी लहान होईल, हे खरं आहे. पण न विचारता पाठवलेल्या मेसेजचं काय होतं, ते स्वतःच्या मोबाइलवरून आठवा. आपणही ब्लॉकच करतो ना? आणि फार लोकांनी रिपोर्ट केलं तर व्हॉट्सॲप तुमचं खातंच बंद करू शकतं. मग पाचशे नंबर असून उपयोग काय?

शेजारचा मित्र म्हणेल, "अरे, माझ्या दुकानाचं उद्घाटन आहे, तुझी यादी दे की." इथे तुमची खरी परीक्षा आहे. कोणी आपल्याकडे दागिने ठेवायला दिले तर आपण ते मित्राच्या लग्नात घालायला देत नाही. नंबरही तसाच, ठेव आहे. मित्राला सांगा, "तुझं पत्रक माझ्या काउंटरवर ठेव, यादी मागू नकोस."

या आठवड्याचा गृहपाठ

रविवारी अर्धा तास काढा. एका कागदावर लिहा: माझ्याकडे लोकांची कोणती माहिती आहे, ती कुठे आहे, कोण बघू शकतं आणि ती मला कशाला लागते. ज्याच्यापुढे "कशाला लागते" याचं उत्तर लिहिता येणार नाही, ती माहिती त्याच दिवशी काढून टाका. आणि सोमवारपासून काउंटरवर नवीन वाक्य सुरू करा.