नसबंदीनंतर मांजर बदलतं, पण किती?

नसबंदी केली की मांजर मलूल होतं, उंदराकडे ढुंकूनही बघत नाही, असं साखर पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत सर्रास ऐकायला मिळतं. या समजापायी शस्त्रक्रिया लांबणीवर पडते आणि चार-पाच महिन्यांची मांजरी, स्वतःच अजून पिल्लू असताना, गाभण राहते.

शस्त्रक्रियेत बोक्याचे वृषण काढतात आणि मांजरीची बीजांडं, बहुधा गर्भाशयासह. त्यामुळे लैंगिक संप्रेरकं थांबतात आणि त्यांच्या जोरावर चालणारं वागणं तेवढं ओसरतं. बोका शेपटी ताठ करून, ती थरथरवत, स्कूटरच्या चाकावर उभ्यानेच फवारा मारतो, रात्र रात्र पत्र्यांवर भटकतो, भांडून फाटका कान घेऊन घरी येतो, हे त्यातलं. मांजरी माजावर आली की जमिनीवर लोळते, पुढचं अंग टेकवून मागचं वर उचलते, मागचे पाय नाचवते आणि ओरडत राहते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिच्या पोटात दुखतंय. संयोग झाला नाही तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. उंदीर धरणं, दोरीमागे धावणं, लाडाने पायाला अंग घासणं मात्र कायम राहतं. मध्यरात्री घरभर उधळणं आणि घोट्याला चावणं हे तरुण वयाचं खेळणं आहे. तेही नसबंदीने जाईल, ही अपेक्षा धरू नका.

बोका दुसऱ्या दिवशी शांत होत नाही. सवय सुटायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात आणि दहातला एखादा बोका पुढेही फवारे मारतोच. शरीरात शिल्लक राहिलेल्या शुक्राणूंमुळे सुरुवातीला तो पिल्लंही देऊ शकतो. घरात नसबंदी न झालेली मांजरी असेल, तर दोघांना महिना-दीड महिना वेगळं ठेवा.

दवाखान्यातून परतलेल्या मांजरावर घरातलं दुसरं मांजर फिस्कारलं तर ‘ऑपरेशनने स्वभाव बिघडला’ म्हणतात. बिघडलेला असतो तो वास. औषधांचा दर्प आणि भुलीची गुंगी यामुळे सोबत वाढलेलं भावंडही परकं वाटतं. एक-दोन दिवस वेगळी खोली द्या आणि एकाची वापरलेली चादर दुसऱ्याच्या अंथरुणात टाका.

वजन वाढतं, हे खरं आहे. उष्मांकांची गरज सुमारे २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक उलट वाढते. वाटी पूर्वीइतकीच भरत राहिली तर मांजर लठ्ठ होणारच. माप कमी करा, खेळवा.

‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. मांजरीच्या तब्येतीला त्याचा काही फायदा नाही. उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका खूप घटतो. म्हणूनच अनेक पशुवैद्यक पाच महिन्यांच्या आतच ती करायला सांगतात. ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणण्यातही अर्थ नाही. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर ठरतो. सोलापुरात सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा, त्यात रात्री घरात दिवे. थंड देशांसारखी हिवाळ्याची लांब सुट्टी इथे मिळेल, असं धरून चालता येत नाही.

लवकर नसबंदी केली की बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद राहतो, असंही सांगतात. मोजमाप केलेल्या अभ्यासांत तसा फरक आढळलेला नाही. लघवी अडण्याचा धोका वाढतो तो लठ्ठपणा, कमी पाणी आणि बसून राहण्यामुळे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा आणि कोरड्या खाद्याबरोबर ओलं द्या. बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर तो नसबंदीनंतरचा बदल समजू नका. रात्र असली तरी लगेच पशुवैद्यकाकडे न्या; अडलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते.