शुष्काक्षिपाक : तर्पणापूर्वीचा विचार

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, सायंकाळी डोळे जड होणे, वाचता वाचता अक्षरे पुसट दिसणे व पापण्यांची उघडझाप केल्यावर पुन्हा स्पष्ट होणे, अशा तक्रारींचे रुग्ण आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत नित्य येतात. ‘डोळे कोरडे पडले आहेत’ असे एकच नाव या सर्वांना दिले जाते आणि उपायही ठरलेला असतो. औषधालयातून कृत्रिम अश्रूंची बाटली मिळते, वैद्याकडून तर्पणाचा सल्ला मिळतो. दोन्ही उपाय योग्य रुग्णात गुणकारी आहेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु शुष्कता कशामुळे आली हे न पाहता केलेले तर्पण निष्फळ ठरते आणि क्वचित घातकही होते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा ऊहापोह करावयाचा आहे.

शास्त्रोक्त स्वरूप

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात एकूण 76 नेत्ररोग वर्णिले असून त्यांपैकी 17 सर्वगत आहेत. शुष्काक्षिपाक हा त्यांतलाच एक. डोळा आकसलेला असणे, वर्त्म रूक्ष व कठीण होणे, दृष्टी गढूळ होणे आणि डोळा उघडताना अतिशय कष्ट होणे ही त्याची लक्षणे होत. सुश्रुतांनी तो वातज व साध्य मानला आहे. वाग्भटाचार्यांनी मात्र वाताबरोबर पित्ताचाही संबंध सांगितला असून घर्षण, तोद, उपदेह आणि शीतेच्छा या लक्षणांची भर घातली आहे.

हा भेद चिकित्सकाने नीट लक्षात ठेवावा. केवळ रूक्षता असती तर स्नेहनाने भागले असते; परंतु नावातच ‘पाक’ आहे. आधुनिक नेत्रवैद्यकानेही या विकारात अश्रूंच्या न्यूनतेबरोबर नेत्रपृष्ठाचा शोथ हे महत्त्वाचे अंग मानले आहे. दोन्ही शास्त्रांतील व्याधी तंतोतंत एकच आहेत असा आमचा आग्रह नाही; चिकित्सेची दिशा ठरविण्यापुरते हे साम्य पुरेसे आहे.

हेतूंच्या बाबतीत तर प्राचीन वर्णन आजच्या जीवनाला चपखल लागू पडते. सूक्ष्म वस्तूंचे सतत निरीक्षण, निद्राविपर्यय, धूमसेवन आणि अश्रुवेगाचे धारण हे सुश्रुतोक्त हेतू आहेत. संगणकाच्या पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते. रात्रपाळी, वातानुकूलित खोली, दुचाकीवर तोंडावर येणारा वारा आणि विदर्भ-मराठवाड्यातील कोरडा उन्हाळा हे सर्व त्याच हेतूंचे आजचे रूप आहे.

शुष्कतेचे दोन प्रकार

अश्रू म्हणजे केवळ पाणी नव्हे. नेत्रपृष्ठालगत श्लेष्मल अंश, त्यावर अश्रुग्रंथींचा जलीय स्राव आणि सर्वांत वर पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींचा स्निग्ध थर, अशी त्याची रचना आहे. यावरून दोन मुख्य प्रकार संभवतात.

पहिल्यात जलीय स्रावच कमी होतो. आमवाताच्या रुग्णांत तसेच शोग्रेन विकारात हा प्रकार आढळतो. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर या दिशेने तपास अवश्य करावा. दुसऱ्यात स्राव पुरेसा असतो, परंतु ग्रंथींची मुखे घट्ट स्निग्ध मळाने बुजल्यामुळे वरचा थर तुटतो व अश्रू लवकर उडून जातात. व्यवहारात हा दुसरा प्रकार अधिक आढळतो. अनेक रुग्णांत दोहोंचे मिश्रणही असते.

येथे एक फसगत संभवते. कोरड्या डोळ्यांचा रुग्ण बहुधा ‘डोळ्यांतून पाणी येते’ अशीच तक्रार करतो. नेत्रपृष्ठ क्षुब्ध झाल्याने प्रतिक्रियेदाखल पाणी सुटते, पण ते टिकत नाही. असा स्राव पाहून अभिष्यंद समजून स्रावशोषक थेंब दिले, तर व्याधी वाढते.

परीक्षण

पापण्यांची कडा प्रथम पाहावी. तेथे लाली, कोंडा, फेस अथवा बुजलेली मुखे दिसल्यास दुसरा प्रकार समजावा. शर्मर चाचणी साध्या चिकित्सालयातही करता येते. तिची कागदी पट्टी खालच्या पापणीच्या बाहेरील भागात अडकवून 5 मिनिटांनी ओल मोजावी. ती 5 मिलिमीटर अथवा त्याहून कमी भरल्यास जलीय स्राव निश्चित अल्प आहे. फ्लुओरेसिनने रंगविलेला अश्रुपटल 10 सेकंदांच्या आत तुटत असेल तर तो अस्थिर मानावा.

रुग्ण घेत असलेल्या औषधांची यादी विचारल्याशिवाय परीक्षण पूर्ण होत नाही. सर्दी व अॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे आणि मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन यांनी डोळे कोरडे पडतात. रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रियांत आणि दृष्टिदोषासाठी लेसर शस्त्रक्रिया झालेल्यांतही हा विकार वारंवार दिसतो. लहान मुलांत शुष्कतेबरोबर रातांधळेपणा असल्यास ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव समजून तातडीने उपचार व्हावेत.

चिकित्साक्रम

निदानपरिवर्जन सर्वप्रथम. दर 20 मिनिटांनी दृष्टी पडद्यावरून काढून दूर न्यावी, पापण्या जाणीवपूर्वक पूर्ण मिटाव्यात, पडदा दृष्टिरेषेच्या किंचित खाली ठेवावा आणि पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये.

ग्रंथी बुजलेल्या असतील तर स्नेहाआधी मार्ग मोकळा करावा. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ कोमट कापडाने 5 ते 10 मिनिटे मृदू स्वेद द्यावा, त्यानंतर हलक्या हाताने कडेकडे मर्दन करावे व कडा पुसून घ्यावी. काही आठवडे नियमाने केल्यास पुष्कळ रुग्णांना एवढ्यानेच उतार पडतो.

स्रावाल्पता व वातप्राधान्य असता सुश्रुतोक्त क्रम आदर्श आहे : घृतपान, जीवनीय घृताचे तर्पण, अणुतैलाचे नस्य आणि सैंधवयुक्त शीत दुधाचा परिषेक. तर्पण मात्र शरीरशुद्धीनंतर, अन्न पचल्यावर, वारा, ऊन व धूळ नसलेल्या जागीच करावे. वातज विकारात त्याचा काल 1000 मात्रांचा सांगितला आहे. ढगाळ दिवशी, अति उष्ण अथवा अति शीत काळी ते करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेत्रातील उपद्रव शांत झाल्याखेरीज करू नये. हा निषेध आजही अक्षरशः पाळावा. एकाच डोळ्यात तीव्र वेदना, प्रकाश असह्य होणे, दृष्टी एकाएकी कमी होणे, कृष्णमंडलावर पांढुरका ठिपका, अथवा उसाचे पान लागल्याचा वृत्तांत, यांपैकी काहीही आढळल्यास तर्पणाचा विचार सोडून रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. तो क्षत असू शकतो आणि तेथे विलंबाची किंमत दृष्टीच्या रूपाने मोजावी लागते.

औषधालयधारकांसाठी

डोळ्यात घालण्याच्या द्रव्यात निर्जंतुकता हा पहिला गुण होय. 2023 साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांमुळे औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंचा प्रादुर्भाव झाला. हे थेंब चेन्नईजवळील एका कारखान्यात तयार झालेले होते. तेथील शासकीय नोंदीनुसार 18 राज्यांतील 81 जणांना बाधा झाली, 14 जणांची दृष्टी गेली, 4 जणांचा डोळा काढावा लागला आणि 4 जण दगावले. आधुनिक कारखान्यातील थेंबांची ही कथा. तर घरी गाळलेला मध, कांद्याचा रस अथवा प्रसाधनाचे गुलाबजल डोळ्यात घालणाऱ्यास आपण काय सांगावे, हे उघड आहे. तर्पणाचे घृतही प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र व ताजे असावे. एकाचे उरलेले दुसऱ्यास कदापि वापरू नये.

स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. त्यांनी लाली झटकन उतरते, पण बुरशीजन्य क्षत बळावतो आणि दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो. लाली घालविणारे रक्तवाहिनी-संकोचक थेंबही शुष्कतेवरचा उपाय नव्हेत. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा कृत्रिम अश्रू लागत असतील तर परिरक्षकरहित प्रकार सुचवावा. एरवीच्या बाटलीवर उघडल्याचा दिनांक लिहून देण्याची सवय ठेवावी. सर्वसाधारणपणे महिन्यानंतर ती टाकून द्यावयाची असते.

सारांश, शुष्क नेत्राला स्नेह हवा हे खरे; परंतु कोणत्या नेत्राला, केव्हा आणि कोणत्या शुद्धतेचा, हे ठरविण्यातच वैद्याची परीक्षा आहे. वैद्याने पापणीची कडा पाहण्यास दोन मिनिटे द्यावीत, औषधालयधारकाने चिठ्ठी पाहण्यास एक. रुग्णाच्या दृष्टीचे रक्षण बव्हंशी एवढ्याने साधेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.