सिनेमातला पोशाख आणि लोणावळ्याचा पाऊस: घरच्या घरी सुरक्षित डिस्प्ले केस कशी बनवायची?

२०१२ मध्ये भानू अथय्या यांनी आपलं ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीकडे परत सोपवलं. मूळच्या कोल्हापूरच्या अथय्यांना हे ऑस्कर १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी, जॉन मोलो यांच्यासोबत मिळालं होतं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आपल्या पश्चात ही बाहुली इथे नीट सांभाळली जाईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती. धातूच्या बाहुलीची ही काळजी, तर सिनेमात वापरलेल्या कापडाचं काय?

समजा, एखाद्या ऐतिहासिक सिनेमातला रेशमी, जरीचा अंगरखा तुमच्या हाती लागला आणि तुम्ही राहता लोणावळ्यात. पहिला विचार येतो तो काचेचं कपाट आणि झगमगीत एलईडी पट्टीचा. पण इथे कपाटाचं पहिलं काम दाखवणं नसून हवा आणि प्रकाश सांभाळणं आहे. एकदा उडालेला रंग परत येत नाही.

शत्रू क्रमांक एक: दमट हवा

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मावळातच पूर्वेकडे कामशेत, वडगाव, तळेगाव असं सरकत गेलं की तो झपाट्याने कमी होतो. म्हणून तळेगावातल्या मित्राचा सेटअप खंडाळ्यात तसाच चालेल असं समजू नका.

इथे सापेक्ष आर्द्रता समजून घ्यायला हवी. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्यातली किती टक्के आत्ता आहे, तो हा आकडा. हवा गार झाली की तेवढ्याच वाफेला हा आकडा वाढतो. म्हणूनच पावसाळ्यात गार भिंतीला टेकलेल्या कपाटात आधी ओल धरते. कापडासाठी ४५ ते ५५ टक्के ही सुरक्षित पट्टी मानतात. ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस गेले की बुरशीला आमंत्रण. जरीतला धातूही काळवंडतो.

त्यामुळे केस पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला लावू नका. आतल्या भिंतीपाशी, तीन-चार इंच जागा सोडून आणि जमिनीपासून वर उचलून ठेवा.

शत्रू क्रमांक दोन: प्रकाश

प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं. त्यामुळे ‘किती उजेड’ याला ‘किती तास’ने गुणायचं. कापडासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. हिशेब करून बघा:

- हॉलमध्ये ३०० लक्स, रोज १२ तास: वर्षाला १३,१४,००० लक्स-तास
- ५० लक्स, रोज ८ तास: १,४६,००० लक्स-तास
- ५० लक्स, रोज फक्त अर्धा तास: ९,१२५ लक्स-तास

पहिल्या आणि शेवटच्या ओळीत १४४ पटींचा फरक आहे, आणि तो मिळतो एका स्वस्त पीआयआर मोशन सेन्सरमुळे. कोणी समोर आलं की दिवा लागतो, दोन मिनिटांनी विझतो. हा सेन्सर मात्र केसच्या बाहेर लावा. तो शरीराची उष्णता ओळखतो आणि ती काचेतून पलीकडे जात नाही. शिवाय खोलीतला उजेड काचेतून आत येतच असतो, तेव्हा खिडकीसमोरची जागा टाळा आणि इतर वेळी केसवर जाड सुती पडदा टाका.

लक्स मोजायला वेगळं यंत्र लगेच घ्यायची गरज नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेल्फी कॅमेऱ्याजवळ लाइट सेन्सर असतो. फायफॉक्ससारखं मोफत ॲप त्याचा आकडा दाखवतं. पोशाखाच्या जागी फोन ठेवा, स्क्रीन दिव्याकडे करा आणि वाचा. आकडा अगदी अचूक नसतो, पण ५० आहे की ५००, एवढं नक्की कळतं.

एलईडी पट्टी आणि तिचा ॲडॅप्टर केसच्या बाहेर, वरच्या काचेवर बसवा. आत उष्णता नको.

पेटी कशाची?

इथे बरेच जण फसतात. एमडीएफ आणि प्लायमधून फॉर्मल्डिहाइड आणि आम्लांची वाफ हळूहळू सुटत राहते. बंद पेटीत ती सगळी पोशाखावरच बसते. काच किंवा ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियमची फ्रेम हा सरळ पर्याय. सांधे बुजवताना सिलिकॉनचा वास बघा: व्हिनेगरसारखा येत असेल तर त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतंय. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ सिलिकॉन मागा आणि ते पूर्ण वाळू द्या. रबराच्या पट्ट्याही नकोत, त्यातलं गंधक चांदीची जर काळी करतं.

पोशाख हँगरला टांगू नका, सगळं वजन खांद्याच्या शिवणीवर येतं. धड-पुतळ्याला पॉलिस्टर कापसाने आकार द्या आणि वरून धुतलेलं मांजरपाट गुंडाळा. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायची सवय इथे सोडा, त्यांची वाफ काही प्लास्टिक आणि टिकल्या खराब करते.

आणि टिकल्या साध्या प्लास्टिकच्याच असतील असंही धरू नका. ‘द विझर्ड ऑफ ओझ’मधले (१९३९) लाल बूट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. ते जपण्यासाठी २०१६ मध्ये संग्रहालयाने लोकांकडून तीन लाख डॉलरहून जास्त निधी गोळा केला. तपासणीत कळलं की त्या टिकल्यांचा गाभा जिलेटिनचा आहे. म्हणजे दमट हवेत त्याचं काय होईल, विचार करा.

सिलिका जेल: किती आणि कसं?

पोशाखाच्या कप्प्याखाली जाळीचा तळ आणि त्याखाली वेगळा ड्रॉवर ठेवा. जेल बदलताना मुख्य केस उघडावी लागत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे गॅरी थॉमसन यांनी १९७०च्या दशकात अंदाज दिला होता: एका घनमीटरला २० किलो. आपली केस २ × २ × ६ फूट धरली तर साधारण ०.६८ घनमीटर, म्हणजे साडेतेरा किलो जेल!

लोणावळ्यात चार महिने ९० टक्क्यांच्या आसपासची हवा असताना एवढं जेलही एकटं पुरत नाही. म्हणून काम वाटून द्या. खोलीतला डीह्युमिडिफायर आर्द्रता ५५-६० पर्यंत आणेल, बाकीचं केसमधलं जेल बघेल. २५० वॅटचं यंत्र रोज ८ तास चाललं तर दिवसाला २ युनिट वीज लागते. खोलीचं दार-खिडकी मात्र बंद हवी.

जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. ओलं झालेलं जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. पण एकदम कोरडं जेल भरपूर टाकू नका. आर्द्रता ३० च्या खाली गेली तर रेशीम कडक आणि ठिसूळ होतं. थोडं थोडं टाका आणि ग्राफ बघत राहा.

ग्राफ कुठून येणार?

ईएसपी३२ बोर्ड आणि एसएचटी३१ सेन्सर. डीएचटी२२ स्वस्त आहे, पण बंद पेटीत दोन-तीन टक्क्यांचा फरकही महत्त्वाचा ठरतो. फक्त सेन्सर आत ठेवा, बोर्ड बाहेर. दर दहा मिनिटांनी रीडिंग घ्या आणि टेलिग्राम बॉटवर पाठवा. ६० टक्क्यांना सूचना, ६५ च्या वर सहा तास राहिलं तर अलार्म.

सेन्सर खरं बोलतोय का, हे स्वयंपाकघरातलं मीठ सांगतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलसर चिखल होईल इतकंच पाणी घाला. झाकण आणि सेन्सर एकमेकांना न लागता हवाबंद डब्यात दहा-बारा तास ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर ७९ दाखवत असेल तर कोडमध्ये ४ वजा करा.

आता मावळची खास अडचण: जोराच्या पावसात वीज जाते, वायफायही जातं. नेमकी तेव्हाच केस धोक्यात असते आणि बॉट गप्प असतो. म्हणून अलार्मची जबाबदारी घरातल्या बोर्डवर सोडू नका. बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर छोटी स्क्रिप्ट ठेवा: दोन तास रीडिंग आलं नाही तर तिनेच मेसेज पाठवायचा. बोर्डला पॉवर बँक लावा आणि रीडिंग मेमरीत साठवू द्या, म्हणजे वीज आल्यावर मधल्या काळात काय झालं ते दिसेल.

फक्त शनिवार-रविवार उघडणाऱ्या बंगल्यात हे सगळं जमणार नसेल, तर पावसाळ्याचे चार महिने पोशाख पुण्यातल्या घरी आडवा, मांजरपाटात गुंडाळून ठेवा. केस रिकामी राहिली तरी चालेल.

आणि क्रम लक्षात ठेवा: आधी रिकामी केस पूर्ण एक महिना, शक्यतो जुलैमध्ये, चालवून बघा. ग्राफ ४५ ते ५५ मध्ये टिकला, तरच अंगरखा आत जाईल.