एक काडतूस, दोन नळ्या

घोड्यावरून आठ-आठ दिवस रानोमाळ भटकणाऱ्या माणसाला दोन तऱ्हांची काडतुसे बाळगणे म्हणजे नसती डोकेदुखी. अंधारात, घाईत, थंडीने बोटे आखडलेली असताना हात चुकीच्या पिशवीत गेला, की बंदूक असून नसल्यासारखी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मुलखात ही अडचण रोजची होती. १८७३ साली विंचेस्टर कंपनीने लिव्हरने चालणारी आपली नवी रायफल आणली आणि तिच्यासोबत ‘४४-४०’ नावाचे काडतूस. त्यातले ४४ म्हणजे गोळीचा नावापुरता व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. ४० म्हणजे आत ठासलेल्या काळ्या दारूचे वजन, ग्रेनमध्ये. टोकाला दोनशे ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची शिशाची गोळी. पाच वर्षांनी, १८७८ मध्ये, कोल्ट कंपनीने आपले सहाबारी रिव्हॉल्वर याच काडतुसासाठी बनवले आणि नळीवर ‘फ्रंटियर सिक्स शूटर’ असे नाव टाकले. एका कमरपट्ट्यात दोन्ही हत्यारांची सोय झाली.

सोय झाली खरी, पण कागदावर.

बांगड्या भरायला बसलेल्या कुठल्याही बाईला यातली मेख चटकन कळेल. कासाराकडे ‘दोन-सहा’ मागितली की दोन इंच आणि सहा सोळांश मापाची बांगडी मिळायला हवी. पण एका कारखान्याची दोन-सहा हातात सळसळत जाते आणि दुसऱ्याची पंजावर अडून बसते. बंदुकीच्या नळ्यांचेही तसेच. ४४-४० ची गोळी ठरल्याप्रमाणे ०.४२७ इंचाची. जुन्या विंचेस्टरच्या नळ्या मोजायला घेतल्या तर कोणी या आकड्याजवळ असते, कोणी ०.४२९ च्याही पुढे गेलेली. आजच्या नकला बनवणारे पुष्कळदा ०.४२९ ची नळी बसवतात, कारण ४४ मॅग्नमची नळी त्याच मापाची आणि त्यांच्या कारखान्यात ती आधीपासून निघतच असते.

मुळात काडतुसाच्या नावातल्या आकड्यावर विसंबण्यात अर्थच नाही. ४४ मॅग्नम ०.४४ इंचाचे नसते. ३८ स्पेशलची गोळी ०.३५७ इंचाची असते, म्हणून तर ३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये ती बिनतक्रार चालते. आणि १८७९ च्या सुमाराचे विंचेस्टरचे ‘३८-४०’ तर बनवाबनवीचा कळसच: त्याची गोळी ०.४०१ इंचाची, म्हणजे नावातल्या ३८ पेक्षा चाळिसाला जवळ.

गंमत अशी, की त्या काळच्या गुराख्याला या हजारांशांची फारशी फिकीर नव्हती. ती काळ्या दारूची मेहेरबानी. काळी दारू पेटली की गोळीच्या बुडावर एकदम दणका बसतो. मऊ शिसे त्या दणक्याने फुगते आणि नळीच्या खाचांमध्ये जाऊन बसते. गोळी किंचित बारीक असली तरी दारूच तिला मापात आणते. मराठी वाचकाला हे तत्त्व वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. १८५७ च्या एनफिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंचाची होती आणि तोंडाकडून ठासता यावी म्हणून तिची गोळी त्याहून बारीक ठेवलेली असे. मधली फट भरायला चरबी लावलेला कागद होता, आणि बार उडाला की गोळी फुगून आटे पकडी. पुढे त्या चरबीने काय पेट घेतला, ते निराळे सांगायला नको.

धूरविरहित दारू आली आणि ही सवलत गेली. तिचा दाब सावकाश चढतो, वर गोळ्याही कठीण होत गेल्या. अशी गोळी बारीक असेल तर तिच्या कडेने तापलेला वायू वाट काढतो, शिशाचा पापुद्रा वितळवून नेतो आणि तो नळीच्या भिंतीला चिकटवतो. दहा-वीस बारांनंतर नेम भरकटतो आणि माणूस दारूला, दुर्बिणीला, नशिबाला दोष देत बसतो. अशा वेळी पुष्कळ जण शिसे आणखी कठीण करतात. रोगापेक्षा औषध वाईट, ते असे. कठीण गोळी फुगत नाही, म्हणजे फट होती तशीच राहते. गोळीचा कठीणपणा कामाचा असतोच, पण मापानंतर.

हा कठीणपणा येतो अँटिमनी आणि कथिलाने. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता ५ च्या आसपास. नव्वद भाग शिसे, पाच भाग कथील, पाच भाग अँटिमनी घेतले की ती १५ पर्यंत चढते. त्याहून कठीण मिश्रण हवे असेल तर अमेरिकेतले हौशी ओतारी छापखान्याची वाट धरत. लायनोटाइप यंत्राचा धातू, ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील, कठीणता २२. वर्तमानपत्रे ऑफसेटवर गेली तसा हा धातू भंगारात निघाला आणि अग्रलेख छापलेल्या शिशाच्या गोळ्या झाल्या. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरमध्ये ज्या खिळ्यांनी पोथ्या छापल्या, त्यांच्या धातूचे घराणेही हेच.

मग दोन नळ्यांना एक गोळी जमवायची कशी? आधी मोजणी. मऊ शिशाचा लहानसा तुकडा, तेल लावलेल्या नळीतून, लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत पार करतात. बाहेर येतो तेव्हा आतल्या खाचांचा ठसा त्याच्यावर उमटलेला असतो. मायक्रोमीटरने सर्वांत रुंद जागा मोजली की खोल खाचांचा व्यास हाती येतो. रायफलीला एवढ्याने भागते. रिव्हॉल्वरमध्ये आणखी सहा तोंडे मोजायची असतात, कारण गोळी नळीत शिरण्याआधी फिरत्या चक्राच्या प्रत्येक घरातून बाहेर पडते. घराचे तोंड नळीपेक्षा अरुंद असेल, तर गोळी तिथेच चेपून बारीक होते आणि पुढच्या रुंद नळीत सैल धावते. ४४-४० च्या काही आधुनिक रिव्हॉल्वरांत नेमके हेच आढळते: तोंड ०.४२७ चे, नळी ०.४२९ ची. तिथे गोळी कितीही मापात ओतली तरी उपयोग नाही. आधी तोंडे रुंदावून घ्यावी लागतात, आणि ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या कसबी माणसाचे.

ओतीव गोळीचा साधा हिशेब असा: खोल खाचांच्या व्यासापेक्षा एक ते दोन हजारांश इंच जास्त. एक हजारांश म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, माणसाच्या केसापेक्षाही बराच बारीक. दोन हत्यारांपैकी ज्याची नळी मोठी, तिच्या मापाने गोळी ठरवायची आणि मग ती दुसऱ्याच्या घरात सुखाने बसते का ते पाहायचे. अडचण इथेच उभी राहते. ४४-४० च्या पितळी नळकांडीची मान पातळ असते. बार उडताना ती घराच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि काजळी मागे येऊ देत नाही, म्हणून काळ्या दारूचे भक्त तिच्यावर जीव टाकतात. पण रायफलीचे घर ०.४२७ च्या हिशेबाने कापलेले असेल तर ०.४३० ची गोळी बसवल्यावर तीच मान फुगते आणि काडतूस आतच जात नाही. मग ०.४२८ किंवा ०.४२९ वर तडजोड होते.

साच्यातून निघालेली गोळी मुद्दामच किंचित जाड ठेवतात आणि पोलादी कड्यातून दाबून मापात आणतात. जुन्या पद्धतीच्या यंत्रात हे करतानाच गोळीच्या खाचांमध्ये मधमाशीच्या मेणाचे वंगण भरले जाते. नव्या, स्वस्त कड्यातून गोळी नुसती नाक पुढे करून ढकलून पार करतात. दोन-तीन हजारांशांहून अधिक दाबले तर गोळी वाकडी होण्याची, खाचा बुजण्याची भीती. उलट ओतायचा साचाच बारीक गोळ्या देत असेल तर? दाबून जाड करता येत नाही. तेव्हा काही जण साच्याच्या दोन पाटांमध्ये ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा तुकडा लावतात आणि गोळी तेवढीच फुगवून घेतात. दिसायला ओबडधोबड, पण चालते.

नाकाचाही प्रश्न असतो. लिव्हरच्या रायफलीत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक रांगेत बसतात, प्रत्येकाचे नाक पुढच्याच्या बुडातल्या स्फोटक टोपीला टेकलेले. म्हणून नाक सपाट हवे. टोकदार नाकाने धक्क्यात पुढची टोपी उडवली तर संपलेच. रिव्हॉल्वरला याचे काही देणेघेणे नसते, तरी जोडी टिकवायची म्हणून तेही सपाट नाकाची गोळी सहन करतो.

आज हा खटाटोप मुख्यतः ‘काउबॉय ॲक्शन’ नेमबाजीसाठी चालतो. १८७३ च्या ढंगाची हत्यारे आणि कपडे, खेळाडूंना टोपणनावे, पोलादी निशाणे, आणि ती जवळ असल्याने नियमाने शिशाचीच गोळी. या खेळाची मुख्य संघटना १९८७ साली निघाली. भारतात मात्र परवान्याशिवाय घरी काडतुसे तयार करणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बसत नाही.

इतके मोजून-मापूनही काही जोड्या जुळतच नाहीत. तेव्हा वैतागलेला ओतारी एकाच साच्याच्या गोळ्या दोन मापांत काढतो आणि दोन डबे भरतो: एक रायफलीचा, एक रिव्हॉल्वरचा. इंग्रजीत दोघांचे आद्याक्षर एकच, त्यामुळे डब्यांवर निराळ्या रंगाच्या चिठ्ठ्या लावाव्या लागतात.