अठरा जोडांची हमी

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास लिहू पाहणारा लेखक बहुधा १९५४ सालच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून प्रारंभ करतो, पुढे मोटारी आणि स्कूटरींच्या प्रचंड कारखान्यांपाशी रेंगाळतो, आणि त्यांच्या सावलीत भोसरी-चाकणच्या गाळ्यांतून जे लहान उद्योग वाढले त्यांची एका वाक्यात वासलात लावतो. सौर बंबाच्या धंद्यावर लेख हवा, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा चाकणला रॅकोल्डसारख्या मोठ्या कंपनीचा कारखाना असूनही मी भोसरीतल्या एका गाळ्याची वाट धरली. कारण हा उद्योग ज्या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर आणि उसनवारीवर उभा केला, ती अशाच गाळ्यांत भेटतात.

यंत्राची कुळकथा थोडकी आहे. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ साली सूर्यतापी बंबाचे पेटंट घेतले. पण त्यात तापलेले पाणी रात्री थंड होऊन जाई. १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापविणारे पॅनेल आणि साठविणारी टाकी अलग केली, टाकीला उष्णतारोधक वेष्टन दिले, आणि सकाळच्या स्नानाला आदल्या दिवसाचे ऊन उपलब्ध झाले. आपल्याकडे १९८६ साली कार्यरत झालेल्या ‘महाऊर्जा’ या राज्याच्या ऊर्जाविकास संस्थेने या साधनाचा प्रसार केला, पुणे विद्यापीठाच्या ऊर्जा विभागात त्याच्या चाचण्या होऊ लागल्या, आणि केंद्र सरकारचे अनुदान २०१४ पर्यंत चालू राहिले.

भोसरीच्या त्या गाळ्यात मला खिळवून ठेवले ते मात्र जोडकाम करणाऱ्या कारागिराने. दोन चौरस मीटरच्या सर्वसाधारण पॅनेलमध्ये तांब्याच्या नऊ उभ्या नळ्या वरच्या आणि खालच्या आडव्या नळीत बसवाव्या लागतात. म्हणजे एकूण अठरा जोड. तो ज्योत नळीभोवती फिरवीत राहतो, तांबे मंद लाल झाल्याखेरीज सळई टेकवीत नाही, आणि टेकवितो तेव्हाही ती ज्योतीने नव्हे, तर नळीच्याच धगीने वितळावी याची दक्षता घेतो; मग ती धातुधारा फटीत आपोआप ओढली जाते. घाई केली तर वर सुबक कडे दिसते आणि आत पोकळी राहते. ही पोकळी पाण्याच्या दाबाखालील परीक्षेत सापडली तर बरे. न सापडली तर ती कोणाच्या तरी गच्चीवर, काचेच्या आत वाफ धरून, काही वर्षांनी उघडकीस येते. त्या माणसाच्या हाताचा संयम पाहून माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला, तो मोठ्या कारखान्यांतील यंत्रमानव पाहून कधी झालेला नाही.

या बंबात पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली उतरते. टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्याहून हातभर उंच असला आणि पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असले की पुरे. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे चार युनिट ऊर्जा लागते, आणि तेवढी स्वच्छ उन्हाच्या दिवशी दोन चौरस मीटर काच देते. परंतु व्यापाराच्या दृष्टीने हा साधेपणाच अडचणीचा ठरतो. नीट घडविलेला बंब पंधरा-वीस वर्षे चालतो, म्हणजे समाधानी गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही; तेव्हा उद्योजकाला नव्या इमारतींवर, आणि पर्यायाने बिल्डरांच्या मर्जीवर, जगावे लागते.

तेथेच अडचणींचे मूळ आहे. तांब्याचा भाव परदेशी बाजारात ठरतो आणि रोखीने मोजावा लागतो. बिल्डराकडील वसुलीसाठी महिनोनमहिने तगादा चालू असतो. चिनी निर्वात नळ्यांनी किंमत पाडली. आणि न्यायाने सांगावयाचे तर त्या रुंद नळ्या जड पाण्यात लवकर तुंबत नाहीत. पवना नदीच्या पाण्यावर निर्धास्त चालणारे तांब्याचे पॅनेल मोशी-चाकणकडील बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याने क्षार धरते. मग उष्णता-विनिमयाची दुहेरी टाकी द्यावी लागते आणि दर वाढतो.

इमारतींची उंची हे त्याहून मोठे संकट. वीस मजली, ऐंशी सदनिकांच्या इमारतीला घरटी शंभर लिटर द्यावयाचे तर नुसती काचच १६० चौरस मीटर होते, आणि त्याच गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, शिवाय २०२४ च्या सूर्यघर योजनेपासून अधिकच मागणी आलेली विजेची पॅनेले हक्क सांगतात. बांधकाम-परवानगीतील सौर बंबाची अट पुरी व्हावी म्हणून मोजकी पॅनेले बसवून, खालच्या मजल्यांपर्यंत गरम पाणी फिरते ठेवणाऱ्या वेष्टित नळावर काटकसर केली जाते. मग तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडकरू बादल्यांमागून बादल्या थंड पाणी ओतून देतो, आणि दोष बंबाच्या माथी येतो.

भोसरीच्या त्या गाळ्याच्या मालकांनी यावर एक कठोर निर्णय घेतला आहे: नळाचे काम आपल्या अखत्यारीत नसेल तर निविदाच भरावयाची नाही. त्यामुळे त्यांची कामे घटली. तरीही जोडकामाचा कारागीर त्यांनी सोडलेला नाही, आणि जुन्या बंगल्यांवरील, हमीची मुदत केव्हाच उलटलेली पॅनेलेही दुरुस्तीसाठी ते घेतात.